वाचक विचारतात: चिनी ऑपेरा, पांढऱ्या तोंडाचा त्साओ त्साओ आणि भुतांच्या खुर्च्या

चिनी ऑपेरावर, म्हणजे तिकडच्या गाण्याच्या पारंपरिक नाटकांवर, मराठी वाचकांचे एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं खरं तर. काही प्रश्न रिपीट होते ते एकत्र केलेत, काही फारच लांब होते ते कापलेत, राग मानू नका.

प्रश्न: आम्ही सिंगापूरला राहतो. ऑगस्टमध्ये आमच्या बिल्डिंगजवळच्या मोकळ्या जागेत मांडव घालून चिनी नाटक सुरू झालं. भडक कपडे, झांजांचा प्रचंड आवाज, प्रेक्षक मोजकेच आणि तेही म्हातारे, आणि पुढची अख्खी रांग रिकामी. मी तिथे बसणार तेवढ्यात एका आजीने हात धरून मागे ओढलं. काय भानगड आहे ही? (एक वाचक, सिंगापूर)

आजींचे आभार माना. ती रांग भुतांची आहे.

चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्यात पाताळाची दारं उघडतात आणि मेलेले लोक महिनाभर इकडे फिरायला येतात अशी समजूत आहे. ज्यांना घरदार आहे त्यांच्यासाठी घरचे जेवण ठेवतात, ज्यांचं कोणीच नाही त्यांच्यासाठी गल्लीतले लोक वर्गणी काढून जेवण आणि करमणूक दोन्हीची सोय करतात, ती करमणूक म्हणजे तुम्ही बघितलेलं नाटक. सिंगापुरात त्याला वायांग म्हणतात आणि तिथे बहुतेक वेळा ते तिओच्यू किंवा होक्किएन भाषेतलं असतं, कारण तिथल्या चिनी लोकांचे पूर्वज दक्षिण चीनच्या त्या भागांतून आले. कोकणात जत्रेला देवळासमोर दशावतार होतो तसंच काहीसं, नाटक आधी देवासाठी आणि मग उरलंसुरलं माणसांसाठी. त्यामुळे समोर चारच म्हातारे बसलेत म्हणून कलाकार काही कमी जोरात गात नाहीत, मुख्य प्रेक्षक हजर आहेतच की.

या महिन्याची सगळ्यात जुनी गोष्ट मूल्यानची, आणि हा मूल्यान म्हणजे आपला मौद्गल्यायन, बुद्धाचा शिष्य. आई पाप करून नरकात जाते आणि हा तिला सोडवायला एकेक नरक पार करत जातो. गोष्ट बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेली आणि चिन्यांनी ती पार आपली करून टाकली, कारण आईवडिलांसाठी मुलाने काहीही करावं हे त्यांच्या अगदी रक्तात. सोंग राजवटीत, म्हणजे साधारण नऊशे वर्षांपूर्वी, काइफंग या राजधानीत सातव्या महिन्यात पौर्णिमेपर्यंत रोज हे नाटक चालायचं आणि गर्दी वाढत जायची अशी नोंद आहे. भूतं, राक्षस, उंच झुल्यावरच्या कसरती, सगळं त्यात असायचं.

आणखी एक ऐका. हाँगकाँगकडे कॅन्टोनीज मंडळी ज्या जागेवर आधी कधीच नाटक झालं नाही तिथे मांडव घातला तर पहिल्या खेळाआधी पांढऱ्या वाघाचा विधी करतात. एक जण देव होतो, एक जण वाघ, वाघापुढे डुकराच्या मांसाचा तुकडा टाकतात, मग देव त्याला जेरबंद करतो. हे चालू असताना कोणीही एक शब्द बोलायचा नाही, कोणाचं नाव घेऊन हाक तर अजिबात मारायची नाही.

प्रश्न: पेकिंग ऑपेरा म्हणजेच चिनी ऑपेरा ना? मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी हवंय, दोन ओळीत सांगा. (एक पालक, नाशिक)

दोन ओळीत: नाही. चीन सरकारने काही वर्षांपूर्वी मोजदाद केली तेव्हा ३४८ प्रकार निघाले, पेकिंग त्यातला एक.

आता प्रोजेक्टच्या बाहेरचं. गोष्टी बऱ्याचशा त्याच असतात, मेकअप आणि कपडेही मिळतेजुळते, बदलते ती बोली आणि चाल. पेकिंग ऑपेरा तर मुळात पेकिंगचा, म्हणजे आजच्या बीजिंगचा, नाहीच. १७९० मध्ये छ्येनलोंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला दक्षिणेकडून आन्हुई प्रांतातली मंडळी राजधानीत आली, तिथेच राहिली, पुढे हुबेईच्या कलाकारांशी त्यांची सरमिसळ झाली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत हा नवीन प्रकार तयार झाला. त्याच्या आधी मान होता कुनछूला. सुचौजवळच्या कुनशानचा हा प्रकार, बासरीच्या साथीवर संथ आणि फार नाजूक गाणं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाटक, १५९८ चं पिओनी फुलांच्या मंडपाचं, ५५ प्रवेशांचं आहे. २००४ मध्ये ते कापून २७ प्रवेशांवर आणलं तरी तीन रात्री आणि नऊ तास लागले!

याच्या अगदी उलट शान्शी प्रांतातला छिनच्यांग. तिकडचे लोक स्वतःच गमतीने म्हणतात की आमच्याकडे नाटक गात नाहीत, बोंबलतात. लाकडाच्या ठोकळ्यांचा ठेका आणि गळ्याच्या शिरा फुगवून गाणं. पहिल्यांदा ऐकलं तर भांडण चाललंय असं वाटेल पण दहा मिनिटांनी त्यातलं रडणं कळायला लागतं, मला तरी हा प्रकार कुनछूपेक्षा जवळचा वाटतो, जाणकारांनी माफ करावं.

हेनान प्रांताच्या ऑपेरातली मूलान मुलीला नक्की आवडेल. बापाऐवजी पुरुषवेशात लढाईला गेलेली ती मुलगी. छांग श्यांगयू नावाच्या गायिकेने ही भूमिका इतकी गाजवली की १९५१ मध्ये कोरियन युद्धाच्या वेळी गावोगाव खेळ करून तिने आलेल्या पैशातून एक लढाऊ विमान सैन्याला दिलं. बाई कमी कशात आहेत असं सोबतच्या शिपायाला ठणकावून विचारणारं त्यातलं गाणं आजही लोकांना पाठ आहे.

आणि प्रांत बदलला की गोष्टही जराशी वळते बरं का. माणसाशी लग्न करणाऱ्या पांढऱ्या सर्पिणीची गोष्ट चीनभर होते, तिची सोबतीण हिरवी सर्पीण सगळीकडे मुलगी असते, पण सिचुआनच्या ऑपेरात ती मूळचा पुरुष आहे, घरात मुलगी म्हणून वावरते आणि लढाईची वेळ आली की पुन्हा पुरुष होते.

प्रश्न: ही नाटकं ऐतिहासिक म्हणतात पण त्यात खरं किती? आपल्याकडे ऐतिहासिक नाटक आलं की वाद होतात, तिकडे होत नाहीत का? (एक वाचक, कोल्हापूर)

होतात का म्हणजे? तिकडे एका ऐतिहासिक ऑपेराच्या वादातून अख्खा देश दहा वर्षं होरपळला. पण त्याच्याकडे नंतर येतो, आधी त्साओ त्साओ.

तीन राज्यांचा काळ, म्हणजे इसवी सनाचं दुसरं-तिसरं शतक. खरा त्साओ त्साओ (१५५ ते २२०) हा सेनापती होता, चांगला कवी होता, उजाड जमिनीवर सैनिक आणि निर्वासित बसवून शेती करून घेणारा हुशार कारभारी होता. जुन्या अधिकृत इतिहासात त्याच्याबद्दल बरंच आदराने लिहिलंय. पण रस्त्यावरच्या कथेकऱ्यांनी बाजू घेतली ल्यू बेईची, त्याच्या शत्रूची. अकराव्या शतकातला कवी सू तुंगपो लिहून गेलाय की गल्लीतली पोरं या गोष्टी ऐकताना ल्यू बेई हरला की रडतात आणि त्साओ त्साओ हरला की आनंदाने ओरडतात. म्हणजे नाटकं यायच्या आधीच निकाल लागला होता, स्टेजने फक्त त्याला रंग लावला. पांढरा. चिनी स्टेजवर पांढरं फासलेलं तोंड म्हणजे कपटी, लाल म्हणजे निष्ठावान, काळं म्हणजे रोखठोक, न्यायी. त्साओ त्साओ पडद्यातून बाहेर येतो तेव्हा त्याने एक शब्द बोलायच्या आधी मागच्या रांगेतल्या पोराला पण कळतं की हा कोण.

एका नाटकात तो पळून जात असताना बापाच्या मित्राच्या घरी थांबतो, रात्री सुऱ्या परजल्याचा आवाज ऐकतो, आपल्यालाच मारणार असं समजून सगळं घर कापून काढतो आणि मग दिसतं की ते लोक पाहुण्यासाठी डुक्कर मारायची तयारी करत होते. त्याला सोडवून सोबत आलेला अधिकारी छन गोंग हे बघतो आणि मग सरायीत रात्रभर जागा राहून गातो, की मी कोणाला वाचवलं हे. इतिहासात छन गोंग तिथे नव्हताच. पण नाटकाचा जीव त्या रात्रीच्या गाण्यात आहे, त्याला काढलं तर राहतो फक्त एक खून. १९५९ मध्ये क्वो मोरुओ या मोठ्या लेखक-इतिहासकाराने त्साओ त्साओची बाजू घेऊन लेख लिहिले, नाटकही लिहिलं, विद्वानांत भरपूर चर्चा झाली. स्टेजवरचं तोंड पांढरंच राहिलं.

असंच रिकाम्या शहराचं. सैन्य दुसरीकडे गेलंय, शत्रू वेशीवर आलाय, तर ल्यू बेईच्या राज्याचा प्रधान झुगे ल्यांग दरवाजे सताड उघडून तटावर निवांत वाद्य वाजवत बसतो आणि शत्रूकडचा सीमा यी इतका मोठा सेनापती असून घाबरून परत जातो, नक्की आत काहीतरी डाव आहे म्हणून. इतिहासकार सांगतात त्या मोहिमेच्या वेळी सीमा यी तिथून लांब, दुसऱ्याच ठिकाणी होता. मग? मला विचाराल तर प्रेक्षक तिथे इतिहास शिकायला जातच नाही, तो जातो ते हुशार माणूस मरण समोर दिसत असताना किती शांतपणे गाऊ शकतो हे बघायला, आणि ते खोटं नाही.

आपल्याशी संबंध असलेलं एक उदाहरण. ह्युएन त्संग शाळेत सगळ्यांनी वाचलाय, सातव्या शतकात भारतात आला, महाराष्ट्रातही आला, इथला राजा पुलकेशी आणि इथले मानी, उपकाराला जागणारे आणि अपमानाचा सूड घेणारे लोक यांच्याबद्दल लिहून गेला. एकटा वाळवंटं आणि डोंगर ओलांडून आलेला, कमालीचा जिद्दीचा माणूस. चिनी स्टेजवर तोच ह्युएन त्संग भोळा, भित्रा, राक्षसांच्या तावडीत सारखा सापडणारा बुवा झालाय आणि सगळा भाव खातो त्याचा माकडचेला सुन वुकोंग, जो इतिहासात नाहीच. लोकांना माकड जास्त आवडलं, संपलं.

आता तो वाद. हाय रुई हा मिंग काळातला, सोळाव्या शतकातला, प्रामाणिक अधिकारी, बादशहाला तोंडावर सुनावणारा. १९५९ मध्ये खुद्द माओ म्हणाला की हाय रुईसारखा खरेपणा शिका. मग वू हान नावाच्या इतिहासकाराने, तो बीजिंगचा उपमहापौरही होता, हाय रुईवर पेकिंग ऑपेरा लिहिला, १९६१ मध्ये तो स्टेजवर आला. जमीनदारांनी बळकावलेली जमीन हाय रुई शेतकऱ्यांना परत द्यायला लावतो आणि त्यापायी नोकरी गमावतो, एवढीच गोष्ट. पण मधल्या काळात माओने फंग दहुआय या मार्शलला स्पष्ट बोलल्याबद्दल पदावरून काढलं होतं. नोव्हेंबर १९६५ मध्ये शांघायच्या पेपरात या नाटकावर घणाघाती टीका आली आणि पुढे थेट म्हटलं गेलं की हा हाय रुई म्हणजे फंग दहुआय. सांस्कृतिक क्रांतीची, म्हणजे त्या होरपळीच्या दहा वर्षांची, सुरुवात याच लेखापासून धरतात. वू हान १९६९ मध्ये कैदेत वारला, हाय रुईची भूमिका करणारा नामवंत नट मा ल्यानल्यांग १९६६ मध्येच गेला. बादशहा, सेनापती, सुंदऱ्या सगळे स्टेजवरून हाकलले गेले आणि दहा वर्षं लोकांनी आठ आदर्श कलाकृती आलटून पालटून बघितल्या, त्यात पाच ऑपेरा, दोन बॅले आणि एक सिम्फनी. जुनी नाटकं परत आली ती माओ गेल्यानंतर, हळूहळू.

तेव्हा ऐतिहासिक नाटकातला इतिहास खोटा म्हणून कोणी इतका चिडत नाही हो. आजच्या कोणाचा तरी चेहरा त्यात दिसला की चिडतात.

प्रश्न: मेई लानफांग यांना चीनचे बालगंधर्व म्हणतात ते कितपत बरोबर? (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

काळ जवळपास एकच, बालगंधर्व १८८८ ते १९६७, मेई लानफांग १८९४ ते १९६१. दोघांनीही स्त्री भूमिका इतक्या केल्या की बायकांनी त्यांच्याकडे बघून नेसणं-सवरणं शिकावं. पण मेई लानफांगचं शास्त्र वेगळं, तिथे आवाजाइतकाच हात बोलतो, बोटांच्या मुद्रांचे केवढे प्रकार. छिंग या शेवटच्या राजवटीत राजधानीत बायकांना स्टेजवर बंदी होती त्यातून ही पुरुष-नायिकांची परंपरा वाढली. जपानने चीनचा भाग व्यापला तेव्हा त्यांच्यासाठी नाचायचं नाही म्हणून या माणसाने मिशी वाढवली. नायिका करणाऱ्याने मिशी वाढवणं म्हणजे दुकानाला टाळंच की.

पण तुमच्यासाठी जास्त इंटरेस्टिंग गोष्ट पुढे आहे. १९३५ मध्ये मेई लानफांग मॉस्कोला गेले, तिथे ब्रेख्त या जर्मन नाटककाराने त्यांना बघितलं आणि नटाने भूमिकेत विरघळून न जाता ती लांबून दाखवावी या आपल्या विचाराला त्याला तिथे मोठा आधार सापडला. चीनशी त्याचा दुसरा धागा याहून जुना. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या एका चिनी नाटकात दोन बायका एका मुलावर हक्क सांगतात, न्यायाधीश बाओ झेंग (हा खरा, सोंग काळातला अधिकारी, स्टेजवर काळ्या तोंडाचा) चुन्याचं वर्तुळ काढून मुलाला आत उभं करतो आणि म्हणतो ओढा. जी ओढत नाही ती आई. हे नाटक फ्रेंचमधून जर्मनपर्यंत पोचलं आणि ब्रेख्तने त्याचं कॉकेशियन चॉक सर्कल केलं, फक्त निकाल फिरवला, त्याच्याकडे मूल मिळतं जन्म देणारीला नाही तर वाढवणारीला. आणि तेच नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणलं, विजया मेहतांनी बसवलं, अजब न्याय वर्तुळाचा. म्हणजे तुम्ही पुण्यात बसून ते बघितलं असेल तर काळ्या तोंडाच्या बाओ झेंगचा खटला तुम्ही मराठीत बघून झालाय.

पुरुषांनी नायिका करण्याच्या उलटही आहे तिकडे. शांघायजवळच्या झेजियांग प्रांतातल्या शेंगझोऊचा ऑपेरा बहुतेक सगळा बायकांचा, नायकही बाईच. प्रेमी मरून फुलपाखरं होतात ती गोष्ट यांची खास. त्याची रंगीत फिल्म १९५४ मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी जिनिव्हा परिषदेत परदेशी पाहुण्यांना दाखवली होती, चीनचे रोमिओ-ज्युलिएट म्हणून. आणि हे काही म्युझियममधलं प्रकरण नाही, २०२३ मध्ये छन लीजुन या नायक करणाऱ्या मुलीच्या क्लिप्स चिनी सोशल मीडियावर एवढ्या व्हायरल झाल्या की तरुण मुली तिकिटांसाठी तुटून पडल्या.

प्रश्न: क्षणात चेहरे बदलतात ते कसं करतात? (एक वाचक, ठाणे)

सिचुआनचा प्रकार. चेहऱ्यावर रंगवलेल्या पातळ रेशमी मुखवट्यांचे थर असतात आणि प्रत्येकाला दोरा, झटका मारला की एक निघतो. जुन्या पद्धतीत हातात लपवलेला रंग तोंडाला फासायचे किंवा भांड्यातली पूड फुंकून चेहऱ्यावर उडवायचे. दोरा नेमका कुठे बांधतात ते कलाकार सांगत नाहीत, मग मी तरी कसं सांगू. एक तक्रार मात्र नोंदवतो, हल्ली हॉटेलात जेवताना टेबलाटेबलावर जाऊन हेच करून दाखवतात, मागे नाटक नाही, पात्र नाही, नुसते चेहरे. मुळात ते पात्राचा राग, भीती दाखवायला होतं.

प्रश्न: ऑफिसच्या कामाने हाँगकाँगला जातोय, एक संध्याकाळ मोकळी आहे. भाषा शून्य. काय बघू? कंटाळा येणार नाही ना? (एक वाचक, फोंडा)

२०१९ मध्ये चिम शा चुई भागात शीछू सेंटर उघडलंय, खास चिनी ऑपेरासाठीच. तिथे टी-हाउस थिएटरमध्ये चहा पीत छोटे छोटे तुकडे बघता येतात, मध्ये मध्ये समजावून सांगतात, नवख्याला ते बरं. अख्खं नाटक पहिल्याच दिवशी नको. भाषेची फार काळजी करू नका, मोठ्या थिएटरात गाण्याचे शब्द बाजूच्या स्क्रीनवर येतात आणि चिनी प्रेक्षकही ते वाचत असतात.

मारामारीचं काही लागलं असेल तर तेच निवडा. तीन रस्त्यांच्या सरायीचं एक छोटं पेकिंग नाटक आहे, सान छा खौ. रात्री अंधाऱ्या खोलीत दोन माणसं एकमेकांना शोधत लढतात, पण स्टेजवर लख्ख उजेड असतो, आपल्याला सगळं दिसतंय आणि त्यांना काहीच दिसत नाहीये. तलवार नाकासमोरून जाते आणि त्याला पत्ताच नाही. एक टेबल सोडलं तर स्टेजवर काही नसतं, बोलणंही जवळजवळ नाही. बाकी नाटकांतही सामान असंच कमी, हातात चाबूक म्हणजे माणूस घोड्यावर आहे, वल्हं म्हणजे नावेत, चार शिपाई म्हणजे सैन्य.

आणि टाळ्यांसाठी शेवटाची वाट बघू नका. नट एकदम थिजून पोझ घेतो, झांज थांबते, त्या सेकंदाला लोक जोरात हाओ! (म्हणजे वाहवा) म्हणून ओरडतात, तुम्हीही ओरडा. फक्त कुनछू असेल तर जरा दमाने घ्या, तिथले प्रेक्षक वळून बघतात.